गंज आतून लागतो

पाटसमध्ये लोखंडाचे काम करणाऱ्यांची कमी नाही. भीमा सहकारी साखर कारखाना इथलाच, कुरकुंभची औद्योगिक वसाहत जवळ, आणि गावाला लागून पुणे-सोलापूर महामार्ग. त्यामुळे उसाच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, शेडचे सांगाडे बनवणारी दुकाने इथे चालतात. आमच्या धाकट्या दिरांचेही असेच एक दुकान आहे. त्या दुकानाच्या मागच्या अंगाला गेली दोन वर्षे एक लोखंडी होडी उभी होती. चोवीस फूट लांब, आठ फूट रुंद. ट्रॉलीचा हंगाम संपला की हात तिच्याकडे वळायचे, हंगाम आला की ती तशीच पडून राहायची.

येणारे-जाणारे हसत. पाटसला होडीचे काय काम? काम असे की, भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले, आणि त्याच्या फुगवट्याचे पाणी आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, भिगवणपर्यंत पसरले आहे. हिवाळ्यात कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला रोहित पक्षी येतात आणि ते पाहायला पुण्या-मुंबईची माणसे येतात. दिरांच्या मनात होते की होडी बांधून तिकडच्या एका मच्छीमार मित्राच्या भागीदारीत चालवावी. दुकानाचे काम वर्षातून काही महिनेच भरात असते. बाकीच्या महिन्यांना आधार हवा होता. त्यासाठी जाऊबाईंच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या. म्हणून ही होडी त्यांची एकट्यांची राहिली नाही, साऱ्या घराची झाली.

समुद्रापासून लांब, लोखंडाच्या दुकानात होडी बांधणे हे काही जगावेगळे नाही. बर्नार्ड म्वातेसिए हा फ्रेंच दर्यावर्दी ‘जोशुआ’ नावाच्या ज्या पोलादी नौकेतून जग फिरला, ती नौका फ्रान्समध्ये समुद्रापासून कितीतरी लांब, बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात तयार झाली होती. इंग्लंडमध्ये कालव्यांतून चालणाऱ्या अरुंद पोलादी नावा आहेत, जेमतेम सात फूट रुंदीच्या. तिथे कित्येक कुटुंबे नुसता पोलादी सांगाडा विकत घेतात आणि आतले सारे काम घरच्या हातांनी करतात. जाणकार सांगतात की सांगाडा उभा राहिला म्हणजे निम्मेही काम झालेले नसते. वेळ, पैसा आणि घरातली भांडणे, सारे आतल्या कामातच खर्च होते. आमचेही तसेच झाले.

दिरांचा बेत मोठा होता. संपूर्ण होडीला काचेच्या खिडक्या, आत सनमायका, वर दिव्यांचे छत आणि वीस खुर्च्या. पुण्याच्या एका सजावटवाल्याने त्यांना चित्रही काढून दिले होते. लोखंड कुठे दिसताच कामा नये, हॉटेलात बसल्यासारखे वाटले पाहिजे, असा त्याचा सल्ला. चित्र सुंदर होते. आम्हा सगळ्यांना ते आवडले, हेही खरे.

त्या चित्राला पहिला धक्का दिला तो अम्मींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी. होडीच्या पुढच्या भागात एक लहान खोली तयार झाली होती. डिसेंबरातल्या एका रात्री घरातली तीन मुले हौसेने तिथे झोपली. फजरच्या वेळी अम्मी त्यांना उठवायला गेल्या आणि आधारासाठी हात वर लावला, तर छताचा पत्रा ओला. आकाश कोरडे होते, पाऊस नव्हता. अम्मी म्हणाल्या, “हे तर आपल्या जुन्या घरासारखं झालं. थंडीत पत्रा गळायचा, तसंच.”

आपल्यापैकी ज्यांनी पत्र्याच्या घरात थंडी काढली आहे, त्यांना हे सांगायला नको. माणसाच्या श्वासात वाफ असते. झोपलेले माणूस रात्रभरात श्वासावाटे आणि अंगावाटे पेलाभर पाणी सहज हवेत सोडते. मोकळ्या आकाशाखाली रात्री लोखंड झपाट्याने गार होते. ही उबदार, दमट हवा त्या गार पत्र्याला टेकली की तिच्यातली वाफ पाणी होऊन पत्र्यावर बसते. घरात ते पाणी डोक्यावर टपकते म्हणून निदान कळते तरी. होडीत पत्र्यावर सनमायका आणि प्लायवूड चढवले तर ते आतल्या आत उतरत राहते, बरगड्यांच्या बेचक्यांत साचते आणि तिथेच लोखंड खाते. बाहेरून रंग नवा, आतून चाळण. पोलादी होड्यांबद्दल जगभर एक अनुभव सांगितला जातो: त्या बाहेरच्या पाण्याने जितक्या कुजतात, त्याहून जास्त आतल्या पाण्याने कुजतात. आणि ते पाणी असते आत राहणाऱ्यांच्याच श्वासाचे.

दिरांना लोखंड शिकवायची गरज नव्हती. ते गप्प झाले. मग सजावटवाल्याचे चित्र बाजूला ठेवून आम्ही आतल्या कामाचा क्रम नव्याने लावला.

पहिली गोष्ट, वेल्डिंगचे जे काही असेल ते सारे आधी उरकायचे. खुर्च्यांचे पाय, कड्या, हाताला धरायच्या दांड्या, बॅटरीचा पिंजरा, सगळे. एकदा आतून अस्तर चढले की पलीकडून नुसती ठिणगी लागली तरी ते पेटते आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. दुसरी गोष्ट, ग्राइंडरने पत्रा लखलखीत करून, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचा पहिला हात. रात्रभर पत्रा उघडा राहिला तर सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते आणि मेहनत पुन्हा पहिल्यापासून. तिसरी, थर्माकोलऐवजी एसीच्या नळांवर चढवतात ती काळी रबरी शीट पत्र्याला फट न ठेवता चिकटवायची, म्हणजे दमट हवा लोखंडापर्यंत पोहोचतच नाही. मात्र हे अस्तर पाण्याच्या रेषेच्या वरच. तळ उघडा ठेवायचा.

तळाबद्दल आमच्या जाऊबाईंनी एक नेमका प्रश्न विचारला, “ह्याला मोरी कुठे?” होडीला मोरी नसते. आत आलेला थेंब आपोआप बाहेर जात नाही. म्हणून तळाच्या प्रत्येक आडव्या बरगडीला अगदी खाली एक भोक ठेवावे लागते. त्यातून पाणी सरकत सरकत सर्वांत खोल जागी गोळा होते आणि तिथे पंप बसतो. लाकडाच्या भुशाने, पोरांच्या चॉकलेटच्या कागदाने ही भोके बुजली तर पंप असून नसल्यासारखा.

ह्याच कारणासाठी चहाचा गॅस आत ठेवायचा नाही असे ठरले. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळती झाली तर तो निदान दाराखालच्या फटीतून बाहेर जायला वाट शोधतो. होडीत तो विहिरीत उतरावा तसा तळाशी जाऊन बसतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. ज्या नावांत गॅस वापरतात तिथे सिलिंडर वेगळ्या बंद कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळाचे छिद्र थेट बाहेर काढतात. आमच्या होडीत चहा थर्मासमधून मिळेल.

वजनाची वही आमच्या मोठ्या मुलीने ठेवली. चार मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा सुमारे 31.4 किलो भरतो, हे तिने घनतेवरून काढले आणि दुकानातल्या काट्यावर पडताळून पाहिले. मग आत जाणारी प्रत्येक वस्तू काट्यावरून जाऊ लागली: प्लायवूड, गाद्या, बॅटरी, पाण्याची टाकी, अगदी स्क्रूचा डबाही. जे जड ते खाली आणि मधोमध, हा नियम. सनमायकाचे छत वहीत आले तेव्हा तिने फक्त आकडा पुढे केला. इतके वजन, तेही माणसांच्या डोक्यावर, आणि उपयोग काय? छत गेले. म्वातेसिएनेही 1968 च्या लांबच्या सफरीआधी नौकेवरचे नको ते वजन उतरवले होते, इंजिनसुद्धा.

खरी कसोटी खुर्च्यांची होती. 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीच्या ह्याच पाण्यात, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जीव गेले, त्यांत लेकरेही होती. एक जण पोहून काठाला लागला. त्या बातमीने आमच्या घरात कितीतरी दिवस होडीचा शब्द कोणी काढला नव्हता. आता खुर्च्या मोजायची वेळ आली तेव्हा तीच संध्याकाळ सगळ्यांच्या मनात होती.

दिरांचे म्हणणे चुकीचे नव्हते. वीस माणसे बसली तर हप्ता निघतो, बारा बसली तर ओढाताण. बांगड्या सोडवायला किती वर्षे लागतील ह्याचा हिशेब त्यांच्याकडे तयार होता. पण मुलीच्या वहीतही हिशेब होता. माणसी सत्तर किलो धरले तर आठ माणसे म्हणजे 560 किलो. आणि हे वजन एका जागी स्थिर राहत नाही. डाव्या हाताला पक्ष्यांचा थवा उठला की सगळी उठून डावीकडेच धावणार, हातात मोबाइल घेऊन. उभ्या माणसाचे वजन उंचावर जाते, होडी त्याच क्षणी डगमगते. शिवाय काचबंद होडी उलटली तर बाहेर कुठून पडायचे?

त्या रात्री हिशेब जुळला नाही. आमचे हे म्हणाले, दोघांच्या पगारातून काही महिने हातभार लावू. दिरांना ते रुचले नाही. मोठ्या भावाच्या संसारावर भार नको, असा त्यांचा स्वभाव. शेवटी बोलल्या त्या जाऊबाई, ज्यांच्या बांगड्या होत्या. त्या म्हणाल्या, “बांगड्या उशिरा सुटल्या तरी चालतील. पण कुणाच्या लेकराची बातमी आपल्या होडीच्या नावानं यायला नको.” त्यानंतर वीसचा आकडा कोणी काढला नाही.

बारा खुर्च्या बसल्या, ठेंगण्या, जागच्या न हलणाऱ्या. बसण्याच्या भागाला काचा नाहीत. दोन्ही बाजू मोकळ्या, वर कापडी छत, उन्हासाठी गुंडाळता येणारे पडदे. लाइफ जॅकेट खुर्चीखालच्या कप्प्यात, आणि कप्प्याला झाकण नाही, की कडी नाही. मुलांच्या मापाची वेगळी. नियम असा की जॅकेट अंगावर चढल्याशिवाय दोर सुटणार नाही. खिडकीच्या अॅल्युमिनियमच्या चौकटी फक्त पुढच्या लहान खोलीला राहिल्या. त्या आणि लोखंड यांच्यामध्ये रबराची पट्टी, कारण दोन धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की त्यांतला एक दुसऱ्यापायी झिजतो.

शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे शब्दांकडे आमचे लक्ष जातेच. कोकणातले कोळी होडीच्या मालकाला ‘नाखवा’ म्हणतात. हा शब्द फारसीतल्या ‘नाखुदा’वरून आला. नाव आणि खुदा, म्हणजे नावेचा धनी. धनी म्हणजे केवळ मालक नव्हे, आत बसलेल्यांचा जिम्मेदार. दिरांना हा शब्द आवडला. अम्मींनी हजरत नूह अलैहिस्सलाम यांच्या कश्तीची आठवण काढली आणि म्हणाल्या, ती कश्तीसुद्धा आतल्यांना वाचवण्यासाठी होती, मिरवण्यासाठी नाही.

आमच्या मते ह्या साऱ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट दिसायला अगदी साधी आहे. पुढच्या खोलीतले प्लायवूडचे अस्तर आम्ही खिळ्यांनी ठोकले नाही, स्क्रूने लावले आहे. प्रत्येक फळी दहा मिनिटांत निघते. अस्तराच्या वर आणि खाली बोटभर फट आहे, तिच्यातून हवा खेळते. दरवर्षी उन्हाळ्यात, उजनीचे पाणी उतरले की, फळ्या काढायच्या, मागचा पत्रा टॉर्च लावून पाहायचा, जिथे तांबूस दिसेल तिथे घासून पुन्हा रंगवायचे. गंज लागणारच. तो वेळेत दिसला पाहिजे, एवढीच आतल्या कामाची करामत.

बहिणींनो, भावांनो, घर बांधताना, लग्न करताना, मुलांना वाढवताना आपण किती फळ्या कायमच्या ठोकून टाकतो! घरातली गोष्ट घरात राहावी हे खरे. पण जी गोष्ट घरातल्यांनाही उघडून पाहता येत नाही, ती तशीच आत ओली राहते. खुर्च्यांच्या त्या रात्री आमच्या घरात आवाज चढले, कोणी जेवले नाही. तरी ते त्या रात्रीच बोलून झाले, हे बरे झाले.

सध्या होडी काठावर आहे. अंतर्देशीय जलयान अधिनियम 2021 प्रमाणे नोंदणी आणि तपासणी झाल्याशिवाय प्रवासी घ्यायचा नाही असे ठरले आहे, आणि ती कागदपत्रे चालू आहेत. पुढच्या हंगामाचे पक्षी कदाचित हुकतील. हप्ता मात्र हुकणार नाही. दिरांनी ट्रॉल्यांची चार कामे जादा घेतली आहेत, आणि आमच्या पगारातला वाटा त्यांनी अखेर स्वीकारला आहे, कर्ज म्हणून, वहीत लिहून. ती वही मुलीकडेच आहे. वजनाच्या पानांनंतर आता तिच्यात पैशांची पाने सुरू झाली आहेत.