एका तारेवरचे अनेक काळ

अमेरिकेतल्या घरात रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर बहुधा दिवाणखान्यात असतो आणि त्यावर साठवलेला कार्यक्रम वरच्या मजल्यावरच्या टीव्हीवर पाहायची सोय असते. ही सोय रुसली की चित्र मध्येच थबकते, त्याचे चौकोन होतात, किंवा वरच्या टीव्हीला जोडलेल्या डब्याला खालचा डीव्हीआर सापडतच नाही. संशय आधी डब्यावर जातो. डबा बदलला जातो, नवाही तसाच वागतो, आणि मग 'तारच खराब आहे' असा निकाल देऊन घरातली माणसे मोकळी होतात. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. अशा घरांत पुष्कळदा काहीच मोडलेले नसते. तारेवरचा प्रत्येक भाग ज्या काळासाठी बसवला, त्या काळाचे काम तो आजही चोख करत असतो. पण ते सगळे काळ एकाच तारेवर एकत्र नांदतात आणि त्यांचे आपसात पटत नाही. म्हणून दोष शोधायचा तर यंत्राच्या आधी त्या घरातल्या तारेचा इतिहास वाचावा लागतो.

इतिहास लहान नाही. मधोमध तांब्याची तार, भोवती रोधक थर, त्यावर धातूची जाळी आणि बाहेरून वेष्टन या 'कोॲक्स' रचनेच्या मूळ कल्पनेचे पेटंट ऑलिव्हर हेविसाइडने इंग्लंडमध्ये 1880 साली घेतले. 1929 मध्ये अमेरिकेत लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन ॲफेल यांनी तिच्यातून एकाच वेळी असंख्य संदेश नेण्याची पद्धत पेटंटसाठी मांडली. 1948 च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया आणि ऑरेगनमधल्या, टीव्हीच्या लहरी नीट न पोचणाऱ्या गावांत कुणी उंचावर अँटेना उभारली, तिथून घरोघर तार ओढली, आणि केबल टीव्ही सुरू झाला. भारतात आमच्या पिढीच्या आयुष्यात ती आली 1991 च्या आखाती युद्धाच्या सुमारास : गच्चीवरून गच्चीवर, झाडाच्या फांदीला टेकत, खिडकीच्या फटीतून आत. 1995 चा केबल कायदा आणि 2012 मधली मुंबईतली सेट-टॉप बॉक्सची सक्ती तिने पाहिली. त्याच पिढीतले जे न्यू जर्सी किंवा टेक्ससला गेले, त्यांना ती भिंतीत पुरलेली भेटली. जवळजवळ प्रत्येक खोलीत तिचे आटे असलेले तोंड बाहेर आलेले. (भारतात आज डीव्हीआर म्हटले की सीसीटीव्हीचा डबा डोळ्यांसमोर येतो, त्यालाही बहुतेक ठिकाणी हीच जातकुळी असलेली तार जोडलेली असते.) इतकी दशके टिकलेली आणि इतक्या कामांना पुरलेली वस्तू घरात दुसरी क्वचितच सापडेल. आणि ती टिकली, म्हणूनच तिच्यावर थरावर थर चढले.

पहिला थर केबल टीव्हीचा. सिग्नल रस्त्यावरून येणार आणि खोल्याखोल्यांतल्या टीव्हीपर्यंत जाणार, टाकीतले पाणी नळांकडे जावे तसे. त्यासाठी तळघरात स्प्लिटर बसले. दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेला सुमारे साडेतीन डेसिबल कमी करतो, म्हणजे निम्म्याहून कमी ताकद पुढे जाते. चार वाटांचा सुमारे सात डेसिबल खातो. हे हिशोबात धरलेले असायचे. चांगल्या स्प्लिटरचा आणखी एक गुण मानला जाई : एका वाटेवरच्या टीव्हीची खरखर दुसऱ्या वाटेवर जाऊ नये म्हणून तो त्या वाटा एकमेकींपासून वीसेक डेसिबलने अलग ठेवी. मग 1999 मध्ये टिवोसारखे डीव्हीआर आले, आणि काही वर्षांत लोकांना एका खोलीतले रेकॉर्डिंग दुसऱ्या खोलीत हवेसे झाले. 2004 मध्ये स्थापन झालेल्या 'मल्टिमीडिया ओव्हर कोॲक्स अलायन्स'ने त्यासाठी जे मानक आणले ते मोका. केबल टीव्ही साधारण 1000 मेगाहर्ट्झच्या खाली चालत असे. मोकाने त्याच तारेवर, बहुतेक घरांत, 1125 ते 1675 मेगाहर्ट्झचा पट्टा धरला. आता सिग्नलला रस्त्यावरून खोलीत नव्हे, खोलीतून खोलीत जायचे आहे. म्हणजे स्प्लिटरच्या एका वाटेतून शिरून शेजारच्या वाटेने बाहेर पडायचे आहे. नेमके तेच, जे होऊ नये म्हणून तो स्प्लिटर घडवला होता. त्याच्या पाठीवर '5–1000 मेगाहर्ट्झ' असे छापलेले असते. तो खोटे बोलत नाही. कालचा गुण आज भिंत झाला आहे.

ॲम्प्लिफायरची कथा याहून सरळ. लांबच्या खोलीत चित्र स्वच्छ यावे म्हणून कुणीतरी तो बसवला. तो वर जाणाऱ्या वाटेवर टीव्हीचे चित्र सुधारतो आणि मोकाची वाट बहुधा पूर्ण अडवतो, कारण त्याच्या जन्माच्या वेळी 1125 च्या वर ऐकण्यासारखे काही नव्हते. तार घरात शिरते तिथे बसवायचा बोटभर लांबीचा फिल्टर मात्र मला या सगळ्या साहित्यात सर्वांत हुशार वाटतो. तो मोकाचा सिग्नल बाहेर शेजाऱ्याच्या घरात जाऊ देत नाही, आणि अडवलेला सिग्नल स्प्लिटरच्या मुखातून परत आत परावर्तित करतो. त्यामुळे वाटेतून वाटेत उडी मारण्याचे अवघड काम सोपे होते. जिथे तो नाही, तिथे खोल्यांमधला वेग मंदावतो, आणि तारेला पासवर्ड नसेल तर शेजारच्या यंत्रांशी अनाहूत ओळखही होऊ शकते. पुढे केबल इंटरनेटचे डॉक्सिस 3.1 मानक आले आणि त्याने 1218 मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे मोकाच्या अंगणात, पाय टाकला. तेव्हापासून अनेकदा मोडेमलाही स्वतःचा फिल्टर लावावा लागतो. काल शेजारी नसलेले दोघे आज एकाच ओसरीवर आहेत, आणि यात चूक कुणाचीच नाही.

यावर रास्त आक्षेप असा की तारा खरोखरच खराब होतात. होतात. बाहेरच्या जोडात पाणी शिरते आणि जाळी गंजते. स्टेपलने चिमटली की आतली तार आणि जाळी यांतले अंतर बिघडते आणि तिचा 75 ओहमचा संरोध (इम्पीडन्स) त्या जागी ढळतो. एफ-कनेक्टरला वेगळी पिन नसते, केबलमधली तांब्याची तारच पिन होते, त्यामुळे ती आखूड कापली की जोड कधी लागतो, कधी सुटतो. हे सगळे नाकारून चालणार नाही. पण या दोषांचा माग काढण्याची रीतही इतिहास वाचण्याचीच आहे. दोन्ही डबे एका खोलीत आणून हातभर तारेने थेट जोडावे. वेग भरपूर आला तर डबे निर्दोष सुटले. मग एकेक स्प्लिटर, एकेक भिंतीतली तार पुन्हा मध्ये घालत जावे आणि प्रत्येक पायरीला मोकाच्या तपासणी पानावरचा जोडीजोडीचा वेग पाहावा. जिथे तो कोसळतो, तो थर सापडला. न वापरलेल्या तोंडांना 75 ओहमची टोपी लावावी, म्हणजे तिथून सिग्नल उलटा फिरत नाही. टीव्हीचे चित्र उत्तम आणि खोल्यांमधली देवघेव मात्र बंद, असे असेल तर 1000 मेगाहर्ट्झच्या मर्यादेचा भाग वाटेत असण्याचा संशय आधी घ्यावा. दोन्ही बिघडले असतील तर गंज आणि स्टेपलकडे वळावे.

दुसरा आक्षेप : एवढा खटाटोप कशाला, वाय-फाय आहे ना? वाय-फाय सोयीचे आहे, पण मजले, भिंती आणि शेजारची डझनभर नेटवर्क यांतून रेकॉर्डिंग अखंड नेणे त्याला जड जाई. 2013 साली आलेल्या टिवो मिनीला, म्हणजे टिवोच्या दुसऱ्या खोलीतल्या डब्याला, बनवणाऱ्यांनी वाय-फायचा आधार दिलाच नाही, मोका आणि इथरनेट एवढेच मार्ग ठेवले. इथरनेट उत्तमच, पण बांधलेल्या घराच्या भिंती फोडून नवी तार ओढण्याआधी आत पडलेल्या तारेला तिचे काम नीट करू देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तिसरा आक्षेप जास्त जड आहे. डीव्हीआरचेच दिवस सरले, लोक ओटीटीवर पाहतात, मग या विद्येचा उपयोग काय? डीव्हीआर कमी होत आहेत हे मान्य. तरी ओटीटीवरचा चित्रपट करार संपला की निघून जातो, आपल्या डिस्कवरचे रेकॉर्डिंग आपण पुसेपर्यंत राहते. ज्याला हा फरक महत्त्वाचा वाटतो तो डीव्हीआर सोडत नाही. आणि मोकाचे छोटे अडॅप्टर आता वाय-फायच्या दोन केंद्रांना जोडण्यासाठी त्याच तारेवर बसतात. तेव्हाही तळघरातला 1000 मेगाहर्ट्झचा स्प्लिटर तीच वाट अडवून उभा असतो.

पुढचा थर दिसू लागला आहे. डॉक्सिस 4.0 मध्ये इंटरनेटचा पट्टा 1794 मेगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे मोकाचा हा अख्खा प्रदेश त्याखाली जाईल. आज हौसेने बसवलेला '5–1675'चा स्प्लिटर तेव्हा जुन्यांत जमा होईल आणि फिल्टरने दोघांत कुंपण घालणे पुरणार नाही, दोघांच्या तारा वेगळ्या कराव्या लागतील. ज्या घरात टीव्हीसाठी केबलची गरज उरली नाही, तिथे माझ्या मते ते काम आजच करून टाकावे : रस्त्यावरची तार घरात शिरताच मोडेमपाशी संपवावी, खोल्यांमधल्या तारा तिच्यापासून पूर्ण तोडून एका स्प्लिटरवर केवळ मोकासाठी जोडाव्यात, आणि कोणती तार कोणत्या खोलीत जाते हे तळघरातल्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवावे.