न जाळायचं लाकूड

आपल्या बेळगावकडच्या घरांत लाकूड कधी वाया जात नसे. जुन्या दाराची फळी मांडणीला लागायची, मांडणी मोडली की तिच्या फळ्या गोठ्यात जायच्या आणि शेवटी जे उरेल ते न्हाणीतल्या हंड्याखाली. त्या राखेनं भांडी लख्ख निघत, उरलेली राख अळूच्या वाफ्यात पडे. जळून राख झालं तरी लाकूड कामाचंच, या संस्कारात माझी पिढी वाढली. म्हणूनच अमेरिकेत लेकीच्या घरी जे पाहिलं, ते वाचकांना सांगावंसं वाटतं.

लेक-जावयांनी न्यू जर्सीत जुनं घर घेतलं आहे. मागच्या दाराला लागून ऐसपैस लाकडी ओटा. तिकडं त्याला डेक म्हणतात. घराच्या कागदपत्रांनुसार तो १९९१ सालचा. फळ्या पिचल्या होत्या, खिळे वर आले होते. पाच वर्षांची नात त्यावर अनवाणी धावायची आणि त्याच्याखालच्या मातीत भातुकली मांडायची. आम्ही दोघं तिथं असतानाच जावयांनी तो ओटा काढायचं ठरवलं.

आमचे हे खूश झाले. म्हणाले, "वा! दोन हिवाळ्यांचं जळण झालं की!"

जावई म्हणाले, "नाही बाबा, यातली एक ढलपीसुद्धा पेटवायची नाही. यात आर्सेनिक आहे."

आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. नात कुठं आहे, हे मी आधी बघून आले आणि मगच पुढचं ऐकलं.

उघड्यावरच्या लाकडाला वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून ते पोलादी टाकीत बंद करतात. आतली हवा ओढून घेतात आणि तांबं, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचं द्रावण दाबानं लाकडात घुसवतात. तांबं बुरशीला रोखतं, आर्सेनिक किडीला, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात धरून ठेवतं. नवं असताना हे लाकूड हिरवट दिसतं. ऊन-पाऊस खाऊन राखाडी झालं की साध्या लाकडातून ते ओळखता येत नाही. खरी अडचण तीच.

गंमत म्हणजे ही युक्ती शोधली आपल्याच माणसानं. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतले सोंटी कामेशम यांनी १९३३ साली हे मिश्रण तयार केलं. त्यामुळं खांब, तुळया कित्येक वर्षं टिकू लागल्या आणि तेवढी झाडंही वाचली. पुढं अमेरिकेत घरोघरचे ओटे, कुंपणं, मुलांचे झोपाळे याच लाकडाचे झाले. आर्सेनिकची काळजी वाढली, तशी तिथल्या उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते बनवणं थांबवलं. पण आधी बांधलेलं होतं तिथंच राहिलं. आता ते म्हातारं होऊन एकेक करून निघतं आहे.

जाळलं तर काय होतं? जावयांनी १९८४ सालची एक हकिगत सांगितली. ती अमेरिकन डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आली होती. विस्कॉन्सिनमधल्या खेड्यातलं आठ जणांचं कुटुंब. दर हिवाळ्यात घरातल्यांचे केस गळायचे, अंगावर पुरळ उठायचं, हातापायांतली संवेदना बिघडायची. उन्हाळ्यात बरं वाटायचं. अखेर उलगडा झाला, की घर उबदार ठेवायला ते शेगडीत असंच औषध पाजलेलं लाकूड जाळत होते. जाळल्यानं आर्सेनिक नाहीसं होत नाही. थोडं धुरातून घरात पसरतं आणि उरलेलं राखेत साठतं. ती राख भांड्यांना लागली किंवा वाफ्यात पडली तर काय होईल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मोडायचं काम दोन दिवस चाललं. जावयांनी खाली ताडपत्री अंथरली, हातमोजे घातले, नाका-तोंडावर भुशाचे बारीक कण अडवणारा मास्क बांधला. करवतीनं कापण्यापेक्षा खिळे उपसून फळ्या अख्ख्या काढण्यावर त्यांचा भर. जिथं कापावंच लागलं तिथला भुसा गोळा करून पिशवीत बांधला. जेवायच्या आधी हात-तोंड स्वच्छ धुणं, कामाचे कपडे वेगळे धुणं. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या माझ्या आजीनं शाबासकी दिली असती!

मग त्यांनी गावच्या कचरा विभागाला फोन केला. कुठल्या कचराभूमीवर न्यायचं, किती पैसे पडतील, सगळं विचारून घेतलं. झाडाच्या फांद्या जिथं देतात तिथं हे लाकूड द्यायचं नाही, असं बजावलं गेलं. कारण तिथं लाकडाचा चुरा होतो आणि तो लोकांच्या बागांत पसरला जातो. कुणाला फुकट देऊन टाकावं, तर तो जाळणार नाही याची खात्री कोण देणार? शेवटी पैसे भरून ढीग कचराभूमीवर पोचवला. ह्यांना त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. चांगल्या फळ्या पैसे देऊन टाकायच्या, हे त्यांच्या मनाला पटेना.

ओटा गेला, तशी खालची माती उघडी पडली. लेकीला तिथं टोमॅटो लावायचे होते. पण इतक्या वर्षांच्या पावसानं लाकडातलं थोडंफार आर्सेनिक मातीत उतरलेलं असतं. म्हणून मातीचा नमुना तपासणीला गेला. भाजीसाठी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नवी माती भरली आणि नातीची भातुकली व्हरांड्यात आली. ती दोन दिवस रुसली होती, पण तेवढं चालायचंच.

इकडं आल्यावर मी जळणाकडं वेगळ्या नजरेनं बघू लागले आहे. आपल्याकडं असे ओटे नसतात, पण रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर असतात. त्यांना कोळशाच्या डांबरातून काढलेलं तेल पाजलेलं असतं. जुन्या दारं-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडं कडक मर्यादा आली ती २०१७ साली. असं लाकूड चुलीत किंवा बंबात घालू नये, होळीवरही टाकू नये आणि त्याची राख भाजीच्या वाफ्यात तर मुळीच नको.

लाकूड वाया घालवू नये ही आजीची शिकवण मला आजही पटते. फक्त तिच्या वेळी फणस, आंबा, सागवान एवढंच लाकूड घरात येई आणि ते कुठून आलं हे तिला ठाऊक असे. आता जळण विकत किंवा फुकट मिळालं, तर ते आधी कशाला वापरलं होतं, हे विचारून घ्यावं. देणाऱ्याला सांगता आलं नाही, तर ते घरात आणू नये.