हेड उघडलं, डोकं उघडलं!

बाबांची बुलेट म्हणजे आमच्या घरातलं पाचवं माणूस! २००४ चं मॉडेल, जुनं कास्ट आयर्न इंजिन, ३४६ सीसी, ताकद १८ हॉर्सपॉवर. आयसी इंजिन हा विषय शिकलो आणि मला वाटलं, झालो आपण इंजिनिअर! सुट्टीत बाबा आठवडाभर परगावी गेले, तेवढ्यात जालन्यातल्या एका गॅरेजमध्ये बसून मी हेड उघडलं.

हिशोब सोपा होता. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद! २४ मिमीचा कार्ब्युरेटर काढून २८ चा जुना लावला आणि त्याला जुळेल असा इनटेक पोर्ट ग्राइंडरने मोठा केला. मिस्त्रीचाचा दोनदा म्हणाले, "बाळा, घासलेलं परत चिकटत नसतं." पण ऐकतो कोण?

हायवेवर गाडी मस्त पळाली. मग चतुर्थीला बाबा आजीला मागे बसवून राजूरच्या गणपतीला निघाले. देवळाच्या चढावर गाडी गुदमरली आणि बंद पडली. गुडघे धरत आजी पायी वर गेली. बाबा मला एक शब्दही बोलले नाहीत... तेच जास्त लागलं.

होस्टेलवर येऊन गणित मांडलं. व्यास २४ चा २८ केला की क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. कमी आरपीएमला इंजिन हवा तेवढीच ओढतं, म्हणजे हवेचा वेग चौथाईने पडतो. मंद हवा जेटमधून पेट्रोल नीट उचलत नाही, थेंब पोर्टच्या भिंतीला चिकटतात. चाचांनी हेच एका वाक्यात सांगितलं, "पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी लांब जातं ना? तू अंगठाच काढून घेतलास!" इंग्रजी पुस्तकातलं ते पान मला पाठ होतं. कळलं मात्र आत्ता.

दोन महिने खर्च वाचवून सेकंडहँड हेड घेतलं. या वेळी पोर्टमधले फक्त ओतकामाचे खडबडे साफ केले, गॅस्केटची कड पोर्टशी जुळवली, पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासून बसवले. पोर्टमध्ये पेट्रोल ओतून पाहिलं, व्हॉल्व्हखालून थेंबही गळला नाही. कार्ब्युरेटर परत २४ चाच!

टॉप स्पीड काही वाढला नाही. पण पुढच्या चतुर्थीला राजूरच्या चढावर आजीला उतरावं लागलं नाही.

बिघडवलेलं हेड आता माझ्या होस्टेलच्या टेबलावर आहे. पोर्टमध्ये पेनं ठेवतो. छान मावतात, भोक मोठंच आहे ना! तेव्हा मित्रांनो, ग्राइंडर हातात घेण्याआधी व्हर्निअर घ्या. आणि हो, बाबांना विचारा!