पांगुळगाडा

आमच्या गावाविषयी एक जुनी म्हण आहे, 'जालना, सोने का पालना'. त्यातले सोने माझ्या वाट्याला फारसे आले नाही. पण पाळण्यातून उतरल्यावर मुलाला लागतो तो पांगुळगाडा मात्र मला यंदा, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, याच गावात पुन्हा मिळाला. लहानपणीचा लाकडी होता आणि त्याला तीन चाके होती. आताचा अ‍ॅल्युमिनियमचा, चार पायांचा; आणि दुकानदार त्याला 'वॉकर' म्हणतो, एवढाच काय तो फरक!

घडले ते असे. माझा डावा खुबा चार वर्षांपासून कुरकुरत होता. मी हायस्कुलात विज्ञान शिकवीत असे. फळ्यावर खडूने एक वाटी काढायची, तीत एक गोळा बसवायचा आणि सांगायचे, "मुलांनो, हा उखळीचा सांधा. हा सर्व दिशांना फिरतो." माझा कोणत्याच दिशेला फिरेनासा झाला, तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या एका सर्जनांना दाखवले. त्यांनी क्ष-किरणांचे चित्र उजेडात धरले. मधली कूर्चा झिजून हाडावर हाड घासत होते. "सर, गोळाही बदलू आणि वाटीही," ते म्हणाले. एखाद्याने पंपाचा वॉशर बदलावा, इतक्या सहजपणे.

ही सहजता मात्र सहज आलेली नाही. इंग्लंडात राइटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्न्ली या सर्जनांनी धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी असा सांधा नोव्हेंबर १९६२ मध्ये प्रथम बसवला. त्याआधी त्यांनी टेफ्लॉनच्या वाट्या बसवून पाहिल्या होत्या; होय, आपल्या तव्यावर असते तेच टेफ्लॉन. त्या थोड्याच वर्षांत झिजल्या. झिजलेल्या टेफ्लॉनचा शरीराला काय त्रास होतो हे पाहण्यासाठी त्या गृहस्थाने त्याचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले! हे वाचले आणि माझी भीती निम्मी झाली. उरलेली निम्मी समोरच्या काकूंनी घालवली. "सर, वाजपेयींचं नाही का केलं? चालायले लागले की!" वाजपेयींचे गुडघे बदलले होते, तेही एक २००० साली व दुसरा २००१ साली, हे माझ्या ओठांवर आले होते, पण धीर देणाऱ्याला शरीरशास्त्र शिकवू नये.

जूनमध्ये ऑपरेशन झाले. दुसऱ्याच दिवशी मला उभे केले आणि चौथ्या दिवशी मोटारीने साठ किलोमीटर आणून घरी सोडले. पुण्याहून लेक आली होती. पलंगाच्या पायांखाली विटा ठेवून तिने तो उंच केला, पायखान्यात उंच खुर्ची बसवली, वाटेतली सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली. आठ दिवस राहिली. मग मुलांच्या शाळा सुरू झाल्या. "बाबा, पुण्याला चला," असे ती रोज म्हणे. मी रोज नाही म्हणे. शेवटी तिचा पाय निघेना, तेव्हा मी सांगितले की पोळ्या करणाऱ्या मावशी रात्रीही झोपायला येणार आहेत.

हे साफ खोटे होते. मावशी सकाळी दहाला येत आणि अकराला जात. मी त्यांना रात्रीचे विचारलेसुद्धा नव्हते. बायको गेल्यापासून नऊ वर्षे या घरात मी कोणाचे उपकार घेतले नव्हते आणि त्याचा मला, आता खोटे कशाला सांगू, फार अभिमान होता.

डॉक्टरांनी तीन नियम घालून दिले होते. धड आणि मांडी यांच्यातला कोन काटकोनापेक्षा कमी होता कामा नये; पायावर पाय टाकायचा नाही; पाऊल आत वळवायचे नाही. चुकले तर नवा गोळा वाटीतून निसटण्याची भीती. (ज्याचे-त्याचे नियम ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांना विचारावेत, माझे हे असे होते.) मला वाटले, एवढेच ना! पण घरात वावरू लागलो तेव्हा कळले, की आपला सारा संसारच काटकोनाच्या आत मांडलेला आहे. देव्हारा खाली, तांदळाचा डबा खाली, चपला खाली. वर्तमानपत्र दाराच्या फटीतून आत येई आणि तिथेच पडून राही. मी उभ्याउभ्या मथळे वाचीत असे. देवांना तर महिनाभर लांबूनच हात जोडले.

दुसरी गंमत अशी, की वॉकरला दोन्ही हात लागतात. स्वयंपाकघरात चहा करता येतो, पण तो खुर्चीपर्यंत नेता येत नाही! पहिले दोन दिवस मी ओट्याशी उभा राहून चहा प्यालो. तिसऱ्या दिवशी वॉकरला एक कापडी पिशवी बांधली. तीत थर्मास, गोळ्यांची डबी, चष्मा. वर एक लांब दांड्याचा चिमटा, पडलेले उचलायला. दर तासाला, पायात रक्त साकळू नये म्हणून, पाऊल पन्नास वेळा वरखाली करायचे. नळाला पाणी येण्याच्या दिवशी मात्र पंचाईत. समोरच्या काकूंचा मुलगा आपण होऊन दोन हंडे भरून देई. मी त्याला दर वेळी म्हणे, "कशाला रे? मी केलं असतं." तो बिचारा काही बोलत नसे.

आषाढातली एक रात्र. पाऊस लागला होता आणि दिवे गेले होते. उशाशी चाचपडताना मोबाइल खाली पडला. मी चिमटा घेतला. त्याचे टोक लागले आणि मोबाइल आणखीच आत, पलंगाखाली सरकला. तेवढ्यात तो वाजू लागला. नऊ वाजता लेकीचा फोन येतो. पलंगाखाली उजेड पडला, विझला. पुन्हा पडला, पुन्हा विझला. मी काठावर बसून मोजत होतो. सातव्या वेळी मी वाकू लागलो. थोडासाच. खुब्यात एक विचित्र ताण जाणवला आणि मी तसाच थिजलो. मागे रेललो तेव्हा अंगाला घाम फुटला होता. मनात आले, आता हा सांधा निसटला असता, तर सकाळी दहापर्यंत कोणाला कळले नसते. आणि दहा वाजता मावशी आल्या, तरी दाराला आतून कडी होती.

दार वाजू लागले. "सर! ओ सर! पडलात की काय?" काकूंचा आवाज. लेकीने त्यांना फोन केला होता. मी निघालो. वॉकर पुढे, मग डावा पाय, मग उजवा. अंधारात बावीस पावले. काकू बाहेरून दार वाजवीत होत्या आणि मी "आलो, आलो" म्हणत होतो, आणि मी काही लवकर येत नव्हतो.

कडी काढली. काकू व मुलगा चिंब भिजले होते. मुलाने पलंगाखाली शिरून मोबाइल काढला. काकू म्हणाल्या, "एकट्या माणसानं कामून लावावी कडी?" तेवढ्यात पुन्हा फोन आला.

"बाबा, मावशी कुठं आहेत?"

मी गप्प. तीही गप्प. काकू उगीचच पदराने हात पुसत राहिल्या. मग लेक हलकेच म्हणाली, "मला पांगुळगाडा दिला होता तुम्ही. आणि तेव्हा मला एकटीला सोडून झोपायला गेला होतात का?"

त्या रात्रीपासून कडी लावणे बंद झाले. दाराच्या लॅचची दुसरी किल्ली काकूंच्या खिळ्यावर गेली. काकूंचा मुलगा पुढचे तीन आठवडे आमच्या पडवीत झोपला. तो नववीत आहे आणि विज्ञानात कच्चा आहे, हे मला इतके दिवस ठाऊक नव्हते. संध्याकाळी तो मला दारातल्या तीन पायऱ्या उतरवी: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मग आम्ही उखळीच्या सांध्याकडे वळत असू. या खेपेला नमुना घरातच होता.

आता तीन महिने उलटून गेले. सहाव्या आठवड्यानंतर वॉकर सुटून काठी आली. नरकचतुर्दशीला पाटाऐवजी उंच स्टुलावर बसून अभ्यंगस्नान होईल. लेक येणार आहे आणि तेल ती लावणार आहे. मी नाही म्हटलेले नाही.

परवा माझे एक जुने सहकारी आले होते. त्यांच्याही खुब्याचे पुढल्या महिन्यात ठरले आहे. तेही एकटेच राहतात. कोपऱ्यातला वॉकर पाहून म्हणाले, "हा मला द्या. बाकी कोणाची गरज नाही. माझं मी बघेन."

"देतो की," मी म्हटले, "पण आधी तुमच्या घराची एक किल्ली शेजारी देऊन या."

ते जरा रागावूनच गेले. वॉकर कोपऱ्यात पुसून ठेवला आहे. येतील.