दांडीवरून खाली

रात्री पिंजऱ्यात पक्षी पडतो तेव्हा होणारा आवाज फार मोठा नसतो. ओलं फडकं फरशीवर पडावं, तेवढाच. पण ज्या घरात पंधरा-वीस वर्षं पोपट आहे, तिथली माणसं त्या आवाजानं दचकून उठतात, दिवा लावतात. मिठू तळाच्या जाळीवर पंख पसरून बसलेला दिसतो. त्याला उचलून पुन्हा दांडीवर ठेवलं जातं, कुणीतरी "म्हातारा झाला आता" म्हणतं आणि दिवा मालवला जातो. माझं भांडण आहे ते या वाक्याशी. ते खोटं नाही, पण ते फार लवकर उच्चारलं जातं आणि एकदा उच्चारलं की चौकशी थांबते. पाळलेल्या पक्ष्याचं लंगडेपण आपण सगळंच्या सगळं वयाच्या नावावर मांडून मोकळे होतो. त्यातला बराच हिस्सा दांडीचा, दाण्याचा आणि पिंजऱ्याच्या आकाराचा असतो, आणि या तिन्ही गोष्टी पक्ष्यानं निवडलेल्या नसतात. म्हणून म्हाताऱ्या पक्ष्याची काळजी घ्यायची तर औषधाच्या बाटलीआधी पिंजऱ्याकडे बघावं लागतं.

दांडीवर माझा जुना राग आहे. बाजारात पिंजरा घेतला की त्याच्यासोबत दोन दांड्या येतात. दोन्ही एकाच जाडीच्या, गोल, गुळगुळीत, प्लास्टिकच्या नाहीतर लेथवर कातलेल्या लाकडाच्या. दिसायला छान, पुसायला सोप्या. पण पोपट जवळजवळ सगळा जन्म उभ्यानंच काढतो, झोपतोही उभ्यानं. झाडावर कुठल्याही दोन फांद्या सारख्या जाडीच्या नसतात. एकच फांदीही बुंध्याशी जाड आणि टोकाला बारीक. जागा बदलली की बोटांची पकड बदलते, तळव्याच्या वेगळ्या भागावर भार येतो. पिंजऱ्यातल्या दांडीवर मात्र दिवसरात्र, वर्षानुवर्षं तळव्याचा तोच ठिपका शरीर तोलत राहतो. आधी तळव्यावरचे बारीक खवले झिजतात आणि कातडी गुळगुळीत, गुलाबी, चकचकीत होते. पाळणाऱ्याला ते स्वच्छतेचं लक्षण वाटतं! मग सूज येते, घट्टा पडतो, घट्ट्याची जखम होते आणि संसर्ग आत शिरला तर स्नायूबंध आणि हाडापर्यंत जातो. पशुवैद्य याला बंबलफूट म्हणतात. यावर कडी म्हणजे दांडीवर चढवायची सँडपेपरची नळी. नखं आपोआप झिजावीत म्हणून ती विकली जाते. नखांना तिचा फारसा स्पर्शही होत नाही, सोलला जातो तो तळवा.

दुसरा हिस्सा दाण्याचा. शिकागोजवळच्या ब्रूकफील्ड प्राणिसंग्रहालयात कुकी नावाचा गुलाबी-पांढरा काकाकुवा होता. जन्म १९३३चा, ऑस्ट्रेलियातला. १९३४ साली ते प्राणिसंग्रहालय उघडलं तेव्हापासून तो तिथे होता. सुरुवातीच्या सुमारे चाळीस वर्षांत त्याला नुसत्या बियांवर ठेवलं होतं, कारण त्या काळी पोपटाचं अन्न म्हणजे बी, अशीच समजूत होती. पुढे त्याची हाडं ठिसूळ झाली, सांधे धरले, आणि त्याचं एक संभाव्य कारण म्हणून तो जुना आहारच पुढे आला. २००९मध्ये त्याला लोकांसमोर ठेवणं बंद करून मागच्या बाजूला, सांभाळणाऱ्यांच्या सोबतीत ठेवण्यात आलं आणि २०१६च्या ऑगस्टमध्ये, ८३ वर्षांचा होऊन, तो गेला. या एका पक्ष्यात माझ्या मुद्द्याच्या दोन्ही बाजू आहेत. चाळीस वर्षांच्या बियांची किंमत त्याच्या सांध्यांनी मोजली. आणि आहार, औषध, जागा बदलल्यावर तेच दुखरे सांधे घेऊन तो पुढे कित्येक वर्षं जगला. सूर्यफुलाच्या बीमध्ये चरबी भरपूर, कॅल्शियम तुटपुंजं, अ जीवनसत्त्व नावापुरतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की तळव्याची कातडी अधिकच नाजूक होते, चरबीनं वजन वाढलं की त्याच तळव्यावरचा भार वाढतो. म्हणजे दाणा आणि दांडी एकाच ठिपक्यावर येऊन भेटतात. इथे जुन्या मराठी घरांची थोडी बाजू घ्यायला हवी. मिठूला मिरची, पेरूची फोड आणि भिजवलेली डाळ देणारी आजी पोषणशास्त्र शिकलेली नव्हती, पण तिची हिरवी मिरची दुकानातल्या रंगीत पाकिटापेक्षा सरस होती. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना आपल्यासारखा झोंबतही नाही.

या विषयावर विचार करताना सातव्या शतकातला एक म्हातारा पोपट मध्येच येऊन बसतो आणि हलत नाही. बाणभट्टाच्या 'कादंबरी'तला वैशंपायन पोपट सगळ्यांना आठवतो: सोन्याच्या पिंजऱ्यातून शूद्रक राजाच्या दरबारात आलेला, बोलका, विद्वान. त्याचा बाप सहसा कुणाला आठवत नाही. विंध्याच्या रानात, पंपा सरोवराजवळच्या जुनाट शाल्मलीवर तो राहतो. बायको पिलाच्या जन्मावेळीच गेलेली, स्वतःचे पंख विरळ आणि लुळे, अंगाला कंप, उडणं जवळपास संपलेलं. बाकीचे पोपट शेतांवर जातात. हा मात्र शेजाऱ्यांच्या घरट्यांतून पडलेल्या लोंब्यांतले तांदळाचे कण वेचतो, झाडाच्या बुंध्याशी सांडलेले फळांचे तुकडे गोळा करतो, आधी पिलाला भरवतो आणि उरलं ते स्वतः खातो. बाणाचं वर्णन अलंकारांनी किती ओथंबलेलं असतं हे सांगायला नको, पण इथे त्याची नजर एखाद्या पक्षीनिरीक्षकाची आहे. उडता येत नाही म्हणून हा पक्षी निकामी ठरत नाही. त्याच्या जगण्याचा परीघ आकसून एका झाडापुरता झाला आहे, आणि त्या परिघात तो दिवसभर कामात आहे.

आता पहिला आक्षेप. वय हे वयच, रानातही सांधे झिजतात, मग पिंजऱ्याला दोष का? सांधे झिजतात हे मान्य. पण 'वय' हे निदान होऊ शकत नाही. बाजारात ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात त्या बजी पक्ष्यांचंच पाहा. बजी एका पायानं लंगडू लागला तर दोष पायातच असेल असं नाही. पक्ष्याच्या पायाकडे जाणारी मोठी नस मूत्रपिंडाच्या आतून जाते. तिथे किंवा प्रजनन ग्रंथीत गाठ झाली की ती नस दाबली जाते आणि पाय लुळा पडतो. मूत्रपिंडं थकली तर युरिक आम्ल सांध्यांत साठतं, बोटांवर पांढऱ्या गाठी दिसतात, तो गाऊट. घट्टा, संधिवात, गाऊट, गाठ, जुना अस्थिभंग: दुरून पाहिलं तर हे सगळं दांडीवरून पडणंच असतं, आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. त्यातून पक्षी दुखणं लपवतो. शिकारी प्राण्याच्या नजरेत भरू नये म्हणून ती त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. तो पडू लागतो तेव्हा दुखणं जुनं झालेलं असतं. म्हणून रोज सकाळी ग्रॅममध्ये मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करणं हे प्रेमानं कुरवाळण्यापेक्षा जास्त उपयोगी. तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवात तीन ग्रॅमची घट म्हणजे लहान गोष्ट नाही.

आणि घरातली वेदनाशामक गोळी चुरून पाण्यात टाकण्याचा मोह कुणाला झालाच, तर त्यानं गिधाडं आठवावीत. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली आणि भारतातली गिधाडं काही वर्षांत जवळपास नाहीशी झाली. कारण २००४मध्ये उघड झालं, २००६मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. त्याला सुरक्षित पर्याय म्हणून पुढे आलेलं मेलॉक्सिकॅम हेच आज पक्ष्यांचे डॉक्टर संधिवाताच्या पोपटाला, वजनाचा हिशोब करून, थेंबांनी देतात. माणसाच्या औषधाच्या कपाटातून पक्ष्याचा पाय बरा होत नाही.

करायचं काय, हे ऐकायला अगदी साधं आहे. गुळगुळीत दांड्या काढायच्या. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, फवारणी न झालेल्या, स्वच्छ धुतलेल्या, कमीजास्त जाडीच्या फांद्या लावायच्या. ज्याची बोटं मिटत नाहीत त्याला पकडायला सांगायचंच कशाला, त्याला सपाट फळी द्यायची आणि तिच्यावर मऊ कापड गुंडाळायचं. तळाची जाळी काढून खाली जाड टॉवेल आणि वर कागद. कागद रोज बदलायचा, कारण ओलसर घाणीत घट्ट्याची जखम चिघळते. पाण्याची आणि खाण्याची वाटी फळीच्या पातळीला. गोल, उंच मनोऱ्यासारखा पिंजरा असेल तर तो काढून टाकायचा. देखणा असतो, आणि लंगड्या पक्ष्याला त्यात आडवं चालायला जागाच नसते. यावर अनुभवी पाळणारे हरकत घेतात, आणि ती मला महत्त्वाची वाटते: सगळंच खाली आणलं तर पक्षी घाबरतो. पोपट उंचावर निश्चिंत असतो. जमिनीवरच्या पोपटाला मांजर, पाय, झाडू सगळं वरून येताना दिसतं. हे खरं आहे. पण त्यावरचा उपाय उंच दांडी हा नव्हे. अख्खा बसका पिंजरा टेबलावर, माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवता येतो. आत पडण्याचं अंतर चार बोटं आणि बाहेरून पाहता उंची पूर्ण. फळ्यांच्या मध्ये खाचा असलेले उतार लावले की चढण्याचं कामही चोचीला मिळतं. खऱ्या लव्हबर्डांवर २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चढताना चोचीचा जोर मोजला, तो पायांच्या तोडीचा भरला. म्हणजे पोपटाला तिसरा पाय आहेच. पाय थकले की चोचीवरचा भार वाढतो, तेव्हा चोचीकडेही लक्ष हवं.

काम हा शब्द मुद्दाम वापरला. मऊ फळी, जवळची वाटी, ऊब, मंद दिवा हे सगळं देऊन झाल्यावर एक नवा धोका उभा राहतो: पक्ष्याला करायला काही उरत नाही. पुन्हा तो शाल्मलीवरचा म्हातारा येतो, तांदळाचा कण न्‌ कण शोधणारा. ताटात वाढलेलं त्याला कुणी देत नव्हतं. लंगड्या मिठूलाही गाजराचा तुकडा कागदात गुंडाळून, डाळीचे दाणे टॉवेलच्या घडीत लपवून देता येतात. एक पाय अधू झालेल्या पोपटाचा खरं तर हातच जातो, कारण तो पायानं घास धरून खातो. म्हणून तुकडे मोठे न ठेवता चोचीत मावतील एवढे करायचे, पण ते शोधू मात्र त्यालाच द्यायचे.

खर्चाचा आक्षेप मी थोडक्यात उरकतो. काही शे रुपयांच्या पक्ष्यावर हजारो का खर्चावे, हा प्रश्न विचारणारा माणूस पक्ष्याची दुकानातली किंमत आणि घरातली पंधरा वर्षं एकाच तराजूत घालतो आहे. वेदना आटोक्यात येत नसतील, पक्षी खाणं सोडत असेल, तर डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणं मला क्रौर्य वाटत नाही. पण आधी दांडी बदलून पाहिलेली असावी. 'सोडून द्या बाहेर, मोकळा होईल' हा सल्ला मात्र मला सर्वांत निर्दय वाटतो. आयुष्यभर पिंजऱ्यात राहिलेला, नीट उभाही न राहू शकणारा पक्षी बाहेर सोडला की तो कावळ्या-मांजरांच्या हाती लागतो. या सल्ल्यामागे कधी कायद्याची भीतीही असते. आपला देशी पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पिलं घरट्यांतून ओरबाडून आणली जातात. पण त्याचा एक परिणाम असा की वर्षानुवर्षं घरात असलेला म्हातारा पोपट डॉक्टरकडे न्यायला माणसं कचरतात, आणि त्याचा घट्टा गुपचूप चिघळतो. तो वनविभागाच्या किंवा प्राणी वाचवणाऱ्या संस्थेच्या ताब्यात देण्याची वाट अधिक सोपी आणि अधिक ओळखीची व्हायला हवी. पांजरपोळ ही कल्पना इथे नवी नाही; मुंबईत ती १८३४पासून आहे.

राहता राहतो तो प्रश्न मला या लेखाच्या सुरुवातीला सुचलाही नव्हता. आफ्रिकी करडा पोपट चांगला सांभाळला तर चाळीस-पन्नास वर्षं जगतो. चाळिशीतल्या जोडप्यानं तो कायदेशीर नोंद करून घेतला तर त्याचे सांधे दुखू लागतील तेव्हा यांचे गुडघेही दुखत असतील. पुण्या-ठाण्यातल्या कितीतरी फ्लॅटमध्ये मुलं परदेशी आणि घरात दोन म्हातारी माणसं असं चित्र आहेच; त्यात पिंजऱ्यातला तिसरा म्हातारा. तळाचा कागद रोज बदलायचा तर वाकावं लागतं, थेंब मोजायला नजर लागते, पक्षी टॉवेलमध्ये धरायला थरथर नसलेले हात लागतात. तेव्हा टेबलावर आणलेला बसका पिंजरा पक्ष्याइतकाच माणसालाही सोयीचा ठरतो, आणि तळाचा ट्रे समोरून सरकणारा हवा, ही पिंजरा घेतानाच बघायची गोष्ट आहे. शिवाय एक कागद पिंजऱ्याला अडकवून ठेवावा: वजन, औषधाचं नाव आणि मात्रा, डॉक्टरांचा फोन, कुठला पाय अधू, कशाला घाबरतो, रात्री दिवा हवा की नको, कोणत्या नावानं हाक मारली की मान वर करतो. शेजारच्या घरातल्या कुणाला तरी तो कागद आताच वाचून दाखवावा, आणि महिन्यातून एखादा दिवस पक्षी त्यांच्याकडे ठेवून बघावा.