एक सेकंद संपतो त्या क्षणी

परवा रात्री भाचीचा ओहायोहून फोन आला. “मावशी, फिजिक्स आणि कॅल्क्युलस एकाच सेमिस्टरला घेऊ, की आधी कॅल्क्युलस उरकून टाकू?” तिच्या कॉलेजात दोन्ही चालतं. सल्लागार बाईंनी निर्णय तिच्यावरच सोडला होता.

चाळीसगावात मी तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. आमच्या पोरांना हे कुणी विचारलंच नाही. सायन्सला आलात की दोन्ही एकदम. त्यात आपल्या बोर्डाच्या अकरावीच्या आत्ताच्या पुस्तकांत फिजिक्सच्या दुसऱ्याच धड्यात डेरिव्हेटिव्ह येतं आणि गणितात ते दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटच्या धड्यात. “मॅडम, हे डीएक्स बाय डीटी म्हणजे काय हो?” मुलं रडकुंडीला येऊन विचारायची.

मला तो क्षण फार आवडायचा. खडू खाली ठेवून मी सांगायची : वरून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो, दोन सेकंदांत १९.६. मग पहिला सेकंद संपतो नेमक्या त्या क्षणी त्याचा वेग किती? वर्ग गप्प व्हायचा. क्षणात अंतर कसं कापणार? डेरिव्हेटिव्हची भूक तिथे लागते. क्लासला सगळं आधीच करून आलेली मुलं सूत्रं घडाघडा म्हणायची, पण हा प्रश्न आला की अडायची. त्यांना भुकेआधीच जेवण मिळालं होतं.

भास्कराचार्यांचंही असंच. चंद्राची गती सतत बदलते. दिवसाच्या सरासरीवर तिथी नेमकी कधी संपते ते काढता येईना, म्हणून ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त त्यांनी तात्कालिक गतीचा विचार केला. आमच्या गावाजवळच्या पाटणला त्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख सापडला आहे. दर हिवाळ्यात मी मुलांना तिथे न्यायची.

फिजिक्समध्ये जी मुलं बुडाली, ती कॅल्क्युलसनं नाही बुडाली. उतारावरच्या ठोकळ्याचं वजन साइन-कोसाइनमध्ये फोडताना, समीकरणातून एक अक्षर सुटं काढताना त्यांचा हात अडायचा. तो हात तयार नसेल तर मात्र एक सेमिस्टर थांबावं, हे मी भाचीला स्पष्ट सांगितलं. ठोकळ्याचं गणित घातलं. तिनं ते सोडवलं, न अडखळता.

मग दगडाचं घातलं. एक ते दोन सेकंदांत सरासरी वेग १४.७. “आता एक ते १.१ घे. मग १.०१.” पलीकडे पेनाचा आवाज येत होता.

“१०.२९,” ती म्हणाली. मग, “९.८४९.” थोडा वेळ शांतता. पुढचं मी सांगितलं नव्हतं. “मावशी, १.००१ ला ९.८०४९ येतंय. हे ९.८ च्या खाली जाणारच नाही ना?”

“दोन्ही घे,” मी म्हणाले.