बाहीवरचा तिरंगा

सध्या मला आधी माणसाची बाही दिसते, चेहरा नंतर. मुखेडच्या बसस्थानकावर फौजी कपड्यातला कुणी उतरला की माझी नजर थेट त्याच्या दंडावर. घरचे म्हणतात, याला काहीतरी झालंय. झालंयच! एक गंमत कळल्यापासून मी भेटेल त्याला धरून सांगत सुटलोय, आज तुमची पाळी.

सुरुवात एका अमेरिकन सैनिकाच्या फोटोनं झाली. त्याच्या उजव्या दंडावरचा झेंडा उलटा! चांदण्यांचा निळा चौकोन एरवी डावीकडे असतो, इथं तो उजवीकडे. फोटोच उलटा छापला म्हणावं, तर छातीवरच्या नावाची अक्षरं सरळ. मग शोधत बसलो, तर त्यांच्या लष्कराच्या गणवेश नियमावलीतच ते लिहिलेलं निघालं: चांदण्यांची बाजू कायम पुढच्या दिशेला हवी. सैनिक पुढं चाललाय, काठी पुढं आहे आणि कापड मागं फडफडतंय, असं दिसलं पाहिजे. उजव्या दंडावर नेहमीसारखा झेंडा लावला तर चांदण्या पाठीमागं जातात आणि झेंडा माघार घेतोय असं वाटतं. तळहाताएवढ्या तुकड्यासाठी वारा कुठून वाहतोय याचासुद्धा विचार! मी खुर्चीवरून उठलोच.

आणि लगेच प्रश्न पडला, आपल्या तिरंग्याचं काय? पोराच्या दप्तरातले रंग काढले, कागदावर तीन पट्टे ओढले, मध्ये चक्र काढलं आणि कागद पाठीकडून खिडकीच्या काचेवर धरला. हुबेहूब तसाच! पट्टे आडवे, चक्र गोल, आरे चोवीस. डावं-उजवं उरतच नाही. कुठल्याही दंडाला लावा, आपला झेंडा माघार घेऊच शकत नाही. सांभाळायचं ते एवढंच की केशरी वर. भिंतीवर उभा लावायचा असेल तर मात्र केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला यावा, असं ध्वजसंहिता सांगते.

ध्वजसंहिता! ती वाचायला घेतली आणि रात्र गेली. 26 जानेवारी 2002 पासून लागू झालेल्या या संहितेनं सर्वसामान्य माणसाला वर्षभर ध्वज फडकवायची मुभा दिली, पण कपड्यावर तो लावायला मात्र मनाई केली. कुठल्याही पोशाखाचा, गणवेशाचा भाग म्हणून ध्वज वापरायचा नाही, असं त्यात स्पष्ट होतं. सचिनच्या हेल्मेटवरच्या तिरंग्यावरून तेव्हा किती चर्चा झाली होती, आठवतं? 2005 साली नियम बदलला. आता कमरेच्या वर चालतो, खाली नाही. उशी, हातरुमाल, नॅपकिन, अंतर्वस्त्रं यांवर भरतकाम किंवा छपाई करणं हा राष्ट्रध्वजाचा अपमान. 1971 च्या कायद्यानं त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की 1984 साली राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा त्यांच्या अंतराळवेशाच्या बाहीवर तिरंगा होता. तो फोटो आपण सगळ्यांनी शंभरदा पाहिलाय. बाहीकडे कुणी बघितलं?

मग आपल्या जवानांच्या दंडावर काय असतं? आमच्या गल्लीतला एक जण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाऊन आलाय. सुट्टीवर आला तसा त्याला गाठला. त्यानं ट्रंकेतून तिरंग्याची पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. मागं वेल्क्रोचे बारीक काटे, पुढं मशीनचं दाट भरतकाम, कडेनं गच्च दोरा. आरे मोजायला लागलो तर मध्याकडे दोरे एकमेकांत मिसळून गेलेले. ध्वजाच्या ठरलेल्या नऊ आकारांत सगळ्यात लहान ध्वज 150 बाय 100 मिलिमीटरचा, टेबलावर ठेवायचा. ही पट्टी त्याच्यापेक्षाही लहान.

"गावी येताना ही का लावत नाहीस?" मी विचारलं.

"हितं कुणाला सांगायचंय सर, मी भारताचा हाय म्हणून? हितं पलटण सांगायची असती."

खरंच की! देशात रोजच्या वर्दीवर खांद्याला रेजिमेंटचं नाव असतं, दंडाला फॉर्मेशनचं चिन्ह. तिरंगा प्रामुख्यानं परदेशात लागतो. शांतिसेनेत निळी बेरेट सगळ्यांची एकच, मग कोण कुठल्या देशाचा हे दंडावरूनच कळणार. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया 5 डिसेंबर 1961 रोजी काँगोत अशाच शांतिसेनेत लढताना पडले आणि परमवीरचक्राचे मानकरी ठरले.

अरे हो, आपल्याच अंगणातली गोष्ट सांगायची राहिली! सरकारी इमारतींवर फडकणारे खादीचे तिरंगे देशात मोजक्याच ठिकाणी तयार होतात आणि त्यातलं एक आपलं नांदेड. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ते शिवते. कापड विणलं जातं उदगीरला. आमच्या मुखेडच्या एका अंगाला कापड, दुसऱ्या अंगाला ध्वज! चक्र कापडाच्या दोन्ही बाजूंना दिसावं लागतं, दोन्हीकडचं एकावर एक तंतोतंत बसावं लागतं; केसभर सरकलं तरी नजरेत भरतं. काचेवर कागद धरून मी जे शोधलं म्हणून नाचत होतो, ते तिथल्या कारागिराच्या रोजच्या कामात आहे.

आता एक मत, कुणाला राग आला तरी. बाजारात हल्ली फौजी रंगाचे शर्ट आणि दंडावर तिरंग्याची पट्टी असं मिळतं. पोरं हौसेनं घालतात. पट्टी लावायला माझी ना नाही. आपला साधा शर्ट घ्या, लावा. पण वर्दीची नक्कल नको. लष्कराची जी नवी लढाऊ वर्दी 15 जानेवारी 2022 च्या सेनादिनी लोकांसमोर आली, तिचं डिझाइन लष्करानं आपल्या नावावर नोंदवून घेतलंय. लोकांनी सैनिक समजावं म्हणून तसा वेश करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. झेंडा सगळ्यांचा आहे, वर्दी ज्यानं कमावली त्याची.

तेव्हा पट्टी घेणारच असाल तर दुकानातच नीट बघून घ्या: चक्र पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबर मध्यात, रंग गडद निळा, लांबी-रुंदी तीनास दोन. आणि शिवायला टाकताना टेलरला दोनदा बजावा, केशरी वर आणि कमरेच्या खाली कुठंच नको.